नीलव्वाच्या चटणीची तपासणी

ब जीवनसत्त्व म्हटलं की बहुतेकांना पिवळीजर्द लघवी आठवते, आणि ती आठवली की ते पुढचं ऐकत नाहीत. माझं कामाचं सगळं आयुष्य मात्र त्या पुढच्या भागात गेलं. सोलापुरात एका वैद्यकीय संस्थेत मी जीवरसायनशास्त्र शिकवत होते आणि उरलेल्या वेळात ब गटातली जीवनसत्त्वं आणि एन्झाइमं यांच्यावर संशोधन करत होते. नावामागे डॉक्टर होतं, पण ते पीएच.डी.चं. शेजारपाजारच्या बायका पोटदुखी, कंबरदुखी घेऊन यायच्या. मी म्हणायची, "मी ती डॉक्टर नव्हे." त्या विचारायच्या, "मग कशाची?" आणि उत्तराची वाट न बघता घरी जायच्या.

तर कशाची, ते आधी सांगते. आपल्या शरीरात अन्नाची ऊर्जा करणं, रक्त तयार करणं, कातडी नवी करणं अशी हजार कामं चालू असतात आणि प्रत्येक कामाला एक एन्झाइम नेमलेलं असतं. सोलापूरकराला समजेल असं सांगायचं तर एन्झाइम म्हणजे माग. माग उभा आहे, ताणा लावलेला आहे, विणकर बसलेला आहे. पण आडवा धागा नेणारा धोटा नसेल तर बोटभरही कापड निघणार नाही. ब गटातली जीवनसत्त्वं म्हणजे हे धोटे. आमची तपासणी अशी : माणसाचं रक्त घ्यायचं, लाल पेशींमधलं एखादं एन्झाइम किती वेगानं काम करतंय ते मोजायचं. मग त्याच रक्ताच्या दुसऱ्या नळीत वरून ते जीवनसत्त्व घालायचं आणि पुन्हा मोजायचं. वेग तितकाच राहिला तर माणूस ठीक. वेग एकदम वाढला तर समजायचं, माग इतके दिवस रिकामेच उभे होते.

ऐकायला सोपं आहे. करताना सोलापूरचं ऊन आडवं यायचं. एन्झाइमाला अंगाच्या उष्णतेइतकी ऊब लागते, म्हणून जगभर लोक नळ्या गरम ठेवायची खटपट करतात. आम्ही चैत्र-वैशाखात त्या थंड ठेवायची खटपट करायचो, कारण खोलीच अंगापेक्षा तापलेली असायची. बर्फाच्या कारखान्यातून भुशात गुंडाळलेली लादी सायकलवरून यायची, ती निम्मी वितळून गेलेली असायची. वीज गेली की दिवसभराचं काम मोरीत.

गिऱ्हाइकंही चमत्कारिक असत. निकोटिनिक ॲसिड हे एका ब जीवनसत्त्वाचं नाव. ते ऐकून विड्या वळणाऱ्या एका बाईनं विचारलं होतं, "म्हंजे तंबाखूच की! मग आमाला कशाला कमी पडंल?" एकदा एक शिंदीचा, म्हणजे ताडीसारख्या दारूचा, दुकानदार आला. ताज्या शिंदीत ब जीवनसत्त्व असतं असं त्यानं कुठून तरी ऐकलं होतं आणि ते खरंही आहे. त्याला दुकानात लावायला कागद हवा होता. मी नकार दिला. तो म्हणाला, "बरं, कागद ऱ्हाऊ द्या. तोंडी तरी सांगा की माज्या बायकोला."

या सगळ्यांत जिला मी विसरू शकत नाही ती गिऱ्हाईक म्हणजे वळसंगची नीलव्वा. ती मात्र आली सुनेच्या दुखण्यापायी.

सून महादेवी. विशीतली, सडसडीत, अक्कलकोटकडच्या कानडी बोलणाऱ्या घरातली. नवरा सिद्राम प्राथमिक शाळेत मास्तर. घर शेतीवाडीचं, खाऊनपिऊन सुखी. सत्तरच्या दशकातल्या एका माघात, ज्वारीची काढणी चालू असताना, सिद्राम तिला घेऊन आमच्या संस्थेच्या रुग्णालयात आला, मागे नीलव्वा. महादेवीच्या गळ्याभोवती, हातांवर आणि पावलांवर, म्हणजे जिथं जिथं ऊन लागतं तिथं, कातडी काळीठिक्कर होऊन सोलली होती. जीभ लाल मांसासारखी. रात्र रात्र झोप नाही. तळपायांची आधी आग होत होती, आता सुई टोचली तरी कळत नव्हतं. एवढ्यावर गावानं निकाल देऊन टाकला होता : महारोग. तिचं ताट, तांब्या, अंथरूण वेगळं झालं होतं. तिला कुठं नेऊन ठेवायचं याचीही बोलणी भावकीत सुरू झाली होती.

आमच्याकडचे फिजिशियन डॉ. इनामदार हे शांत आणि जरा तिरकस गृहस्थ. त्यांनी महारोग नाही हे तपासून त्याच दिवशी सांगितलं आणि मला निरोप पाठवला : "बाई, तुमचं काहीतरी आलंय."

माझंच होतं. हा पेलाग्रा. निकोटिनिक ॲसिड कमी पडलं की होणारा रोग. नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्यांत तो दिसतो. पण सोलापूरच्या आसपास त्या मानानं कमी दिसतो, कारण इथं भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी असते आणि शेंगदाण्यात हे जीवनसत्त्व भरपूर. ज्वारीत असं काय आहे, यावर तेव्हा मोठा वाद चालू होता आणि मीही त्यात उतरले होते. मला ज्वारीचा रुग्ण हवाच होता. मी आनंदानं रक्त घेतलं, हे लिहायला बरं वाटत नाही, पण संशोधक माणसाचं असंच असतं.

रक्तानं माझा आनंद टिकू दिला नाही. तिच्यात बी-सहा नावाचं वेगळंच ब जीवनसत्त्व जवळजवळ संपलं होतं. दुसऱ्या नळीत ते घातल्याबरोबर एन्झाइम असं काही धावलं की मी तपासणी पुन्हा केली. या बी-सहाशिवाय शरीराला डाळी-दुधातून निकोटिनिक ॲसिड बनवता येत नाही. म्हणजे पेलाग्रा हा शेवट होता. सुरुवात बी-सहापासून होती. आणि खात्यापित्या घरात बी-सहा असं संपत नाही. कुणीतरी ते पळवत असावं लागतं. तेव्हा माझ्या माहितीत असा एकच सराईत चोर होता : क्षयरोगावरची गोळी.

मी महादेवीला एकटीला विचारलं, "कसल्या गोळ्या घेता का?"

"न्हाय," ती म्हणाली. मान खाली, पण उत्तर लगेच.

आहाराच्या पाहणीसाठी आम्हाला घरोघर जावं लागे. त्या आठवड्यात मी वळसंगला गेले. नीलव्वानं मला कोठीपासून चुलीपर्यंत सगळं दाखवलं. तुरीची डाळ, हुलगे, शेंगांची पोती, दुभती म्हैस. "हिला काय कमी हाय सांगा की," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बोलण्यात धार होती, पण ती सुनेसाठी की माझ्यासाठी, ते मला कळलं नाही.

जेवायला बसायची वेळ झाली. मला पाट आत मांडला होता. महादेवी बाहेर सोप्यात, भिंतीकडे तोंड करून बसली होती. महारोग नाही, हे डॉक्टरांचं तोंडी सांगणं घराला अजून पुरलं नव्हतं. मी म्हटलं, "मला आत उकडतंय," आणि जाऊन तिच्याशेजारी बसले. तिच्या ताटात सगळं होतं. भाकरी, आमटी, चटणीचा हा एवढा गोळा. वाढणारीनं हात आखडला नव्हता. पण चटणीला बोटही लागलेलं नव्हतं.

"का खात नाहीस?"

"जीभ जळती बाई. आमटी बी झोंबती. भाकर पाण्यात भिजवून गिळती मी."

मी तिच्या ताटातली चटणी उचलून माझ्या भाकरीवर घेतली. काही सिद्ध करायचं म्हणून नव्हे. भूक लागली होती आणि चटणी चांगली दिसत होती. महादेवी माझ्या हाताकडे बघत राहिली. तिच्या ताटातलं कुणी खाल्ल्याला बरेच दिवस झाले असावेत. मग ती आतल्या दाराकडे एकदा बघून हळूच म्हणाली, "गोळ्या हायत. टरंकेत."

लग्नाआधी तिला क्षय झाला होता. वडिलांनी गुपचूप औषध सुरू केलं, खोकला थांबला, लग्न लावून दिलं. औषध बराच काळ घ्यायचं असतं, म्हणून भाऊ सणावाराला आला की गोळ्या आणून देई आणि ती त्या लुगड्यांच्या घडीत ठेवी. देणाऱ्यानं बरोबर बी-सहा द्यायला हवं होतं, ते दिलं नव्हतं.

"घरी सांगितलं का नाहीस?"

"माजं काय बी होऊ द्या. धाकट्या बहिणीचं लगीन ठरलंय, वैशाखात. थोरलीला खोकला व्हता म्हनून कळलं तर तिला कोन करून घेईल? तिचं लगीन हुईस्तोवर कुनाला सांगू नका. अत्तींना तर न्हाईच." अत्ती म्हणजे कानडीत सासू.

मी शब्द दिला, पण तो एकटीनं पाळण्यासारखा नव्हता. डॉ. इनामदारांना सांगावंच लागलं. ते चिडले. "बाई, घरात माणसं आहेत." त्यांनी तिची थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. जंतू नव्हते, फुप्फुसातली जखम भरत आली होती. तिच्यापासून कुणाला धोका नव्हता. मग त्यांनी पेन उघडलं आणि कागदावर लिहिलं : 'जीवनसत्त्वांची तीव्र कमतरता.' म्हणाले, "खोटं नाही. पुरतं खरंही नाही. वैशाखापर्यंत चालेल."

क्षयाच्या गोळ्या चालू ठेवून बी-सहा आणि निकोटिनिक ॲसिड सुरू झालं. आमच्या धंद्यात क्वचितच डोळ्यांना दिसणारं काही घडतं. पेलाग्रा हा तो अपवाद. दोन-तीन दिवसांत जिभेची आग शमली. ती झोपायला लागली. नवी कातडी आली. सिद्राम मास्तरांनी माझे आभार मानले आणि गावात कागद दाखवून महारोगाचं बालंट पुसून टाकलं.

ते पुसलं गेलं आणि दुसरं लागलं, याचा अंदाज आम्हा दोघा शहाण्यांपैकी कुणालाही आला नव्हता.

चैत्रातल्या एका टळटळीत दुपारी नीलव्वा एकटीच प्रयोगशाळेत आली. डोक्यावर गाठोडं. ते तिनं माझ्या टेबलावर, तराजूच्या शेजारी, सोडलं. भाकऱ्या, डाळीची पुरचुंडी, हुलगे, तुपाची वाटी, आणि मोठ्या डब्यात चटणी.

"ह्ये घ्या. तपासा."

"हे काय आहे?"

"माज्या घरचं अन्न हाय. काय कमी हाय त्ये यंत्रात घालून बघा आनि मला सांगा. कमतरता लिवलंय न्हवं तुमी? गावातल्या बाया आडावर म्हनत्यात, सासूनं सुनंला उपाशी मारली, म्हनून कातडं गेलं तिचं. व्हय, ताट मी येगळं ठिवलं. समदी महारोग म्हनाली, भ्याले मी. पर ताटात कमी वाढलं न्हाय. माजी सासू मला मोजून भाकर द्यायची, डाक्तरीणबाई. तवाच ठरवलं व्हतं मी, माज्या चुलीवर कुनी उपाशी ऱ्हानार न्हाय."

तिचा आवाज चढला नव्हता. बोलता बोलता ती एकेक भाकरी माझ्यापुढे मांडत होती.

मी काय सांगणार? शब्द दिलेला. वैशाख अजून यायचा होता. मी तिला म्हटलं, "तपासते. पुढच्या आठवड्यात या."

आणि खरोखरच तपासलं. याची पद्धत मोठी गमतीची. एक जिवाणू असा असतो की त्याला निकोटिनिक ॲसिड आयतं मिळालं तरच तो वाढतो. आम्ही त्याला बाकीचं सगळं जेवण देतो, फक्त तेवढं देत नाही. मग नळीत तपासायच्या पदार्थाचा अर्क घालायचा. त्यात जीवनसत्त्व असेल तर जिवाणू वाढतो आणि नळी गढूळ होते. जितकं जास्त तितकी गढूळ. मिरची-लसणानं जिवाणू दचकतील अशी मला धास्ती होती. कसचे दचकतात! नीलव्वाच्या चटणीवर ते असे पोसले की नळ्या ताकासारख्या दिसायला लागल्या. परदेशी मासिकांत मी पुष्कळ आलेख पाहिले होते. इतका खणखणीत क्वचितच.

ठरल्या दिवशी ती आली. मी तिला नळ्या दाखवल्या. ही नुसत्या पाण्याची, स्वच्छ. ही डाळीची. ही चटणीची.

"तुमच्या अन्नात काहीही कमी नाही. मी हे कुणापुढेही सांगेन."

ती त्या गढूळ नळीकडे बघत राहिली. तिनं ती हातात घेतली, उजेडात धरली, परत ठेवली. मला वाटलं, आता समाधानानं उठेल. ती उठली नाही.

"मग हिलाच कसं झालं? एकाच टोपल्यातली भाकर समद्यांनी खाल्ली."

मी नळ्या परत जागेवर लावू लागले.

"गोळ्यांनी झालं न्हवं?"

"कोणत्या गोळ्या?"

"टरंकेतल्या. मला काय दिसत न्हाय व्हय? लई दिवस झाले म्हाईत हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पाळना हालू नये म्हनून खाती. तसल्या गोळ्या निघाल्यात म्हनं आता. नातवाचं नाव काढलं की रडती, आनि लपून गोळ्या खाती. सिद्रामला मी न्हाय सांगितलं, त्यानं घालवून दिली असती. पर माज्या मनातनं ती उतरली. ताट येगळं ठिवताना मला वाईट वाटाया पायजे व्हतं. न्हाय वाटलं. त्ये ह्याच्यापायी."

इतकी वर्षं रक्त तपासून मला जे सापडलं नव्हतं, ते तिनं टेबलावर ठेवलं होतं. दोन बायका एका घरात, एकाच ट्रंकेची भीती बाळगून, आणि दोघींची भीती वेगळी.

मी शब्द तोलून बोलले. "त्या गोळ्या पाळण्याच्या नाहीत. एवढं मी तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगते."

"मग कशाच्या?"

"ते तिनंच सांगायला हवं."

"म्हंजे तुमाला म्हाईत हाय. माज्यापरीस तुमी जवळच्या झाल्या व्हय तिला?"

"उलट. मी लांबची, म्हणून मला सांगता आलं तिला. तुम्ही विचारा. पण शेजारी बसून विचारा."

ती उठली. गाठोड्याचं फडकं घडी करून खांद्यावर टाकलं. चटणीचा डबा मी परत देऊ लागले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. उरलेली खावा."

पुढचं महादेवीकडून कळलं. नीलव्वा संध्याकाळी आपलं ताट घेऊन तिच्यासमोर येऊन बसली आणि सरळ म्हणाली, "पाळना न्हाय, तर काय?" महादेवीनं सगळं सांगितलं. नीलव्वानं भाकरी मोडली. मग तिनं विचारलं, "बहिणीचं लगीन कुठल्या तारखंला हाय?" ऐकून म्हणाली, "तवर गप ऱ्हा. मी बी गप ऱ्हाते. पोरीचं लगीन मोडाया मी वैरीण हाय व्हय?" दुसऱ्या दिवसापासून गोळ्या ट्रंकेतून निघून देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात आल्या, आणि सासू सकाळी पाण्याच्या तांब्यासकट त्या सुनेच्या हातावर ठेवू लागली. मुलाला सांगितलं, ताकदीच्या हायत. आडावर बायकांनी काही म्हटलं तर तिनं उत्तर देणं सोडलं. ते बालंट तिनं लग्न होईपर्यंत मुकाट्यानं अंगावर वागवलं. याची नोंद आमच्या कुठल्याच तक्त्यात नाही.

बहिणीचं लग्न लागलं. मग दोघींनी सिद्रामला सांगितलं. तो दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आला, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, सायकल बाहेर आपटून.

"मॅडम, मी गावाला वाचायला शिकवतो. माझ्या घरात काय चाललंय ते मलाच वाचता आलं नाही. माझ्या आईला माहीत, तुम्हाला माहीत, डॉक्टरांना माहीत."

"तिच्यापासून तुम्हाला धोका नव्हता, हे आम्ही—"

"ते डॉक्टरांनी सांगितलं. मी धोक्याचं विचारत नाही."

तो आला तसा निघून गेला. त्यानं बायकोला माहेरी पोचवलं. तिथं ती पावसाळाभर राहिली. गोळ्यांमध्ये खंड पडला नाही एवढंच मला कळत होतं, कारण आता त्या ती महिन्याला आमच्या रुग्णालयातून येऊन नेत होती. दसऱ्याच्या आधी नीलव्वा एसटीत बसून गेली आणि कुणाला न विचारता तिला घेऊन आली. नवरा-बायको पुन्हा कसे बोलू लागले ते ठाऊक नाही. हिवाळ्यात दोघं तपासणीला आली. तिच्या पायांतली बधिरता पूर्ण गेली नव्हती. चालता चालता चप्पल निसटून मागे राहिली तरी तिला कळत नसे. त्या दिवशी तिच्या पायांत घोट्याशी बांधायच्या पट्ट्याची सँडल होती. उठायची वेळ झाली तेव्हा सिद्राम खाली बसला आणि त्यानं दोन्ही पट्टे लावले. मी कपाटात काहीतरी शोधू लागले.

ती बधिरता ही माझी खंत आहे. काही महिने आधी आली असती तर पाय वाचले असते. या अनुभवानंतर डॉ. इनामदार आणि मी आसपासच्या डॉक्टरांना भेटून सांगत राहिलो, क्षयाची गोळी देता तेव्हा बी-सहा जोडून द्या. काहींनी ऐकलं. काहींनी "बघू" म्हटलं. माझ्या शोधनिबंधात महादेवी एका ओळीत आहे : स्त्री, वय, आहार पुरेसा. त्या 'पुरेसा' या शब्दासाठी एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन उन्हातून आली होती, हे लिहायला त्या रकान्यात जागा नव्हती.

महादेवीचा औषधाचा काळ संपला, पुढे तिला मुलगी झाली. नीलव्वा मात्र येत राहिली. आता ती गावातल्या, शेजारच्या वाडीतल्या बायका घेऊन यायची. कुणाच्या हातापायाला मुंग्या, कुणाचं तोंड आलेलं. एकदा अशीच एक लाजरी नवी सून तिनं माझ्यासमोर बसवली. मी विचारलं, कसल्या गोळ्या घेता का? पोरगी नीलव्वाकडे बघून घुटमळली. नीलव्वा उठली, बाहेर जाऊन दार ओढून घेताना म्हणाली, "सांग बाई खरं. मी हितं दाराला उबी हाय, आत कुनाला येऊ देत न्हाय."